हरणी पान्हा चोरते

भोर, १२ सप्टेंबर १९५४

पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला सृष्टिनिरीक्षणाची वही ठेवायला लावत. माझी वही कावळ्यावर होती आणि तिला पहिला नंबर मिळाला होता. आजची ही नवी वही गाईवर आहे. कारण त्या गाईनं आज सकाळी माझ्याकडे मान वळवून पाहिलं आणि शेपटी अशी फटकारली की माझा चष्मा शेणात पडला.

नाव हरणी. रंग तांबडा, कपाळावर पांढरा टिळा, डावं शिंग किंचित आत वळलेलं. ह्यांची पहिली बायको, म्हणजे शुभाची आई, तिला माहेरानं आंदण दिलेली. कालवड असताना पासलीहून डोंगर उतरवून चालत आणली म्हणे. शुभाची आई जाऊन दोन वर्षं झाली. मी या घरात येऊन चार महिने झाले. हरणीचं वासरू मी यायच्या आधी, चैत्रात गेलं. एवढीही माहिती मला शेजारच्या रतनबाईंकडून काढून घ्यावी लागली, कारण आमच्या घरात शुभाच्या आईचं नाव कोणी काढत नाही. मी यायच्या आधी ह्यांनी तिचा फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवून ठेवला. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला होता, त्यावर मी कॅलेंडर टांगलं.

हरणीची धार कामाला येणारी पारूबाई काढते. मी गोठ्यात पाय टाकला की हरणी दूध वर चढवते. पारूबाई हळूच म्हणते, "बाई, तुमी जरा लांबच ऱ्हावा. ती बुजती तुमाला."

चाळीस मुलींचा वर्ग मी नुसत्या नजरेनं गप्प करत असे. आणि माझ्याच घरात, माझ्याच गाईपासून मी लांब राहायचं. चालणार नाही. शास्त्रीय पद्धतीनं निरीक्षण करून मी हिला वश करणार आहे.

१५ सप्टेंबर

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठा दिसतो. निरीक्षणं:

हरणी एक घास साधारण पन्नास वेळा रवंथ करते. शुभा शाळेतून आली की रवंथ थांबवून कान पुढे करते. ह्यांची सायकल फाटकाशी वाजली तरी कान पुढे. पारूबाईच्या पावलांना तर हंबरते. माझ्या पावलांना कान मागे.

शुभा सात वर्षांची आहे. दप्तर पडवीत टाकते आणि तडक गोठ्यात जाते. मी बशीत पोहे घेऊन उभी असते. "हो", "नाही" आणि "झालं" एवढं तिचं माझ्याशी बोलणं. मला ती काही म्हणून हाक मारत नाही. काही हवं असलं तर भिंतीकडे पाहून सांगते. तेच गाईच्या कानाशी मात्र तोंड नेऊन अर्धा अर्धा तास काय बोलत असते कोण जाणे.

गाईचा हेवा वाटतो असं एखाद्या मैत्रिणीला पत्रानं कळवावं तर ती हसेल. म्हणून इथं लिहिते. वाटतो.

१८ सप्टेंबर

आज एक महत्त्वाची गोष्ट दिसली. धारेला बसण्याआधी पारूबाई खुंटीवरचं एक लुगडं काढते आणि डोक्यावरून अंगभर लपेटून घेते. हरणी ते हुंगते, चाटते, आणि मग डोळे अर्धे मिटून पान्हा सोडते. सुमारे दीड शेर दूध निघालं.

लुगडं डाळिंबी रंगाचं, इरकली. विरलंय, पण मूळचं भारी असणार. पारूबाईची स्वतःची लुगडी जाडीभरडी असतात, त्यांत असलं एकही नाही. मग हे आलं कुठून?

जेवताना ह्यांना विचारलं, "पारूबाईला ते डाळिंबी लुगडं कोणी दिलं?"

ह्यांचा घास हातातच राहिला. "असेल कोणी दिलेलं," म्हणाले. मग ताक न घेताच उठले आणि कचेरीत गेले. संस्थानच्या दफ्तरात बारा वर्षं आणि आता मामलेदार कचेरीत सहा वर्षं काढलेला माणूस, पण खोटं बोलताना अजून कान लाल होतात.

पारूबाई चाळिशीची आहे, तिला नातवंडं आहेत. मला असलं काही मनात आणायचं नाही. पण आणलं. ह्यांनी मला या चार महिन्यांत एक साधा रुमाल आणून दिलेला नाही.

२१ सप्टेंबर

प्रयोग पहिला. गाय वासाने ओळखते, हे निश्चित. पारूबाईला मिश्रीचा वास येतो. तेव्हा मीही मिश्री लावून जावं, असा निष्कर्ष काढला. रतनबाईंकडून चिमूटभर मागून घेतली, "दात दुखतो" म्हणून सांगितलं. दातांना चोळली आणि गोठ्यापर्यंत पोचेपर्यंत डोकं गरगरायला लागलं. हरणीच्या गव्हाणीला धरून उलटी झाली. हरणीनं मला मागून शिंगानं हलकेच बाजूला सारलं, वाट अडवली म्हणून.

शुभा दारात उभी राहून पाहत होती. ती हसली नाही. तांब्याभर पाणी आणून माझ्यापाशी ठेवलं आणि गेली. मुलीसमोर शोभा झाली ती झालीच.

रात्री माझ्या आईच्या लुगड्याची घडी उशीखालून काढून नाकाशी धरली, तेव्हा कुठे मळमळ थांबली. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून त्याला चंदनाच्या उटीचा बारीक वास आहे. ते मी कधी धुतलेलं नाही.

३ ऑक्टोबर

दहा-बारा दिवस लिहिलं नाही. गूळ देऊन पाहिला, मीठ देऊन पाहिलं, मानेखाली खाजवून पाहिलं. मानेखालचं तिला आवडतं. मान लांब करून डोळे मिटते. पण धारेला बसले की लाथ. प्रत्येक वेळी शुभा दारात उभी. मला वाटतं, माझी फजिती बघायला येते.

१४ ऑक्टोबर

आज मन थाऱ्यावर नाही.

दुपारी गोठ्यात डोकावले तर शुभा खुंटीपाशी उभी होती. त्या डाळिंबी लुगड्यात तोंड खुपसून. हलत नव्हती, रडत नव्हती, नुसती उभी होती. म्हणजे धार पारूबाईची, ह्यांची भेट पारूबाईला, आणि मुलगीसुद्धा पारूबाईच्या पदरात तोंड लपवते. मग मी इथं कशाला आले? पोळ्या लाटायला?

मी म्हटलं, "शुभा, ते घाण लुगडं आहे. शेणामुताचं. तोंड धू." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली.

दिवाळीची साफसफाई चाललीच होती. तेवढ्यात दारात बोहारीण ओरडली. बाळाबाई म्हणून आहे, नसरापूरकडची, सणाच्या आधी इकडे फेरी असते तिची. ह्यांचे दोन जुने सदरे काढले आणि जाऊन खुंटीवरचं ते लुगडंही काढून आणलं. बाळाबाईनं काठ बोटांनी चाचपला आणि लगेच एक पितळी चरवी पुढे केली. चांगली आहे, जड आहे. आता या चरवीत मी स्वतः धार काढीन. पारूबाईला दुसरं लुगडं दिवाळीला घेऊन देईन, माझ्या हातानं आणि माझ्या पसंतीचं.

१५ ऑक्टोबर

पारूबाई सकाळी खुंटीसमोर उभी राहिली ती राहिलीच. "बाई, हितलं लुगडं कुठं गेलं?"

"बोहारणीला दिलं. जुनं झालं होतं."

तिनं तोंडाला पदर लावला.  चोरी उघडकीला आली की माणसं अशीच गप्प होतात. मला आतून बरं वाटलं.

हरणीनं पारूबाईलाही लाथ मारली. नवी चरवी लवंडली, तिला पोचा आला. जेमतेम पावशेर दूध हाती लागलं.

१७ ऑक्टोबर

तिसरा दिवस. हरणी वैरण हुंगून सोडते. मधूनच खुंटीकडे तोंड करून हंबरते. पारूबाई कशीबशी ओढून पावशेर काढते, कास दगड होऊ नये म्हणून. शुभा दुसरं दूध पीत नाही. तशी ती जेवतही नाही धड.

ह्यांनी केशवरावांना पत्र टाकलं. केशवराव म्हणजे शुभाचे पासलीचे मामा. दर भाऊबीजेला ते भोरला येतात, यंदा आले की हरणीला घेऊन जावं असं लिहिलं. तिकडे रान आहे, दुसरी गुरं आहेत, तिला बरं वाटेल. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मनात म्हटलं, सुटले.

शुभा पाटीवर काहीतरी खरडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मीपण मामाकडे जाईन."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे "नाही" म्हणतील म्हणून वाट पाहिली. हे म्हणाले, "बघू." आणि बाहेर पडवीत जाऊन बसले.

बघू म्हणजे काय? गाय गेली तर मुलगी जाणार. आणि मुलगी गेली की या घरात आम्ही दोघं, एक कॅलेंडर आणि पोचा आलेली चरवी. ती माझ्याशी धड बोलत नाही, तरी ती जाईल या कल्पनेनं मी रात्री दोनदा उठून तिचं पांघरूण नीट केलं. याचं कारण मला नीट लिहिता येत नाही.

भाऊबीजेला अकरा दिवस आहेत.

१८ ऑक्टोबर

आज सकाळी पारूबाईवर तोंड टाकलं. म्हटलं, "तू काय जादूटोणा करून ठेवलास या गाईवर? तुझं लुगडं गेलं म्हणून तिला शिकवलंस का?"

ती खाली बसली. म्हणाली, "बाई, मालकांनी शपथ घातली व्हती. पन आता बोलत्ये. ते लुगडं माजं न्हाई. शुभाताईच्या आईचं हाय. धारंला बसायच्या तवा हेच नेसायच्या. वासरू गेलं न् हरणी कुनालाच जवळ यिऊ दीना. तवा मालकांनीच पेटीतनं काडून दिलं. म्हनले, पारू, हे पांघरून बग. पांघरलं आन् गाईनं पान्हा सोडला. म्या ते कदी धुतलं न्हाई बगा, वास जाईल म्हून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मालक म्हनले, नव्या बाईंच्या मनाला लागंल. त्यांच्यासमोर नाव काडू नगा. शुभाताईलाबी तसंच सांगितलं."

म्हणजे लुगडं ह्यांनीच दिलं होतं, एवढा माझा अंदाज बरोबर होता. बाकी सगळं चूक. महिनाभर खिडकीत बसून रवंथ मोजले आणि जे नाकासमोर खुंटीवर लटकत होतं ते दिसलं नाही.

लाज वाटली, खूप वाटली. पण वहीत खोटं कशाला लिहू, हेवाही गेला नाही. उलट वाढला. पारूबाईशी निदान भांडता येत होतं. जी नाही तिच्याशी काय भांडू? दोन वर्षं झाली तिला जाऊन, आणि अजून गाय तिला ओळखते, मुलगी तिला हुंगते, नवरा तिचं नाव जपून ठेवतो. मी रोज केसांना माक्याचं तेल लावते, त्याचा वास कोणाच्या लक्षातही नसेल.

१९ ऑक्टोबर

पहिल्या एस.टी.नं नसरापूर गाठलं. बाळाबाईचं घर विचारत विचारत सापडलं. ती म्हणाली, "व्हय, डाळिंबी ना? ते तर म्या परवाच वरव्याच्या सोजराबाईला दिलं. वाकळा शिवती ती."

नसरापुराहून वरवे बुद्रुकपर्यंत चालत गेले. सोजराबाई ओसरीवर वाकळच शिवत बसली होती. वाकळ पुरी होत आली होती. वरून निळा थर, खालून डाळिंबी, आणि मध्ये कुणाकुणाची धोतरं. माझं डाळिंबी, असं मी मनात म्हटलं आणि मलाच चमत्कारिक वाटलं.

मी सगळं सांगितलं. माझी शाल देऊ केली. लग्नातलं नवं कोरं लुगडं देते म्हटलं. तिनं सुई केसांत खोचली.

"नवं काय करू बाई? लेक बाळंतपनाला आलीया माजी. बाळाच्या अंगाला नवं टोचतंय. जुनंच लागतं, वापरून मऊ झाल्यालं. कुन्या बाईनं नेसून नेसून मऊ केल्यालं. तसलं असंल तर आना, मंग ही वाकळ न्या."

परत येताना एस.टी.त कापूरहोळपर्यंत मी घरातल्या जुन्या कपड्यांची मनातल्या मनात यादी करत होते. ह्यांची धोतरं, माझ्या शाळेतल्या साड्या. त्या इस्त्रीच्या, खरखरीत. मऊ असं माझ्याकडे एकच आहे. ते मी यादीत घेत नव्हते.

२० ऑक्टोबर

दिलं.

सोजराबाईनं आईच्या लुगड्याचा पदर गालाला लावून पाहिला. म्हणाली, "चांगल्या बाईचं दिसतंय." मी हो म्हटलं. मग तिनं मला चहा दिला आणि वाकळ घडी करून सुतळीनं बांधून दिली. तिच्या लेकीनं विचारलं, "कुनाचं व्हतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग नातीलाच गेलं म्हना की." मुलगीच होणार असं तिनं ठरवूनच टाकलंय.

एस.टी.त वाकळ मांडीवर घेऊन बसले. ऊन होतं, सगळे माझ्याकडे पाहत होते. मला राग येत होता. शुभाच्या आईचा. जिवंत असताना माझं काही बिघडवलं नाही तिनं, आणि आता माझी आई मला द्यायला लावली.

२१ ऑक्टोबर

सकाळी पारूबाईला म्हटलं, तू बाजूला बस, आज मी बसते. वाकळ डोक्यावरून घेतली. ऑक्टोबरच्या उकाड्यात. डाळिंबी बाजू बाहेर.

हरणीनं मान वळवली. नाकपुड्या फुलवल्या. बराच वेळ हुंगलं, मग जीभ काढून माझ्या खांद्यावरून वाकळ चाटायला लागली. खरखर आवाज येत होता. मी सडांना हात लावला. लाथ आली नाही. आधी काहीच आलं नाही. मग पहिली धार चरवीच्या तळाशी वाजली.

मी काय काय बोलत होते ते नीट आठवत नाही. हरणीला म्हणत होते की बाई, मला माहीत आहे तू माझ्यासाठी सोडत नाहीस, तिच्यासाठी सोडतेस, सोड, हरकत नाही, पण मुलगी पासलीला नेऊ नकोस. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकच होत होतं. पारूबाई दाव्यापाशी बसून नाक पुसत होती. पाऊण शेर निघालं. शुभा दारात होती. मी वळेपर्यंत गेली.

दुपारी मी कॅलेंडर काढलं आणि ह्यांना म्हटलं, फोटो आणा.  ह्यांनी तो कपाटामागून काढून आणला, शर्टाच्या बाहीनं पुसला. फोटोत ती माझ्यापेक्षा उजळ आहे. नाकही चांगलं आहे. असू दे.

२३ ऑक्टोबर, वसुबारस

रतनबाईंकडच्या सवत्स गाईची पूजा झाली. आमची बिनवासराची, म्हणून तिला पूजा नाही. मी संध्याकाळी गुपचूप हरणीलाही कुंकू लावलं. तिनं ते चाटून टाकलं.

२८ ऑक्टोबर, भाऊबीज

केशवराव आले. गोठ्यात जाऊन हरणीच्या पाठीवरून हात फिरवला. चरवीत सव्वा शेर दूध पाहिलं. म्हणाले, "मग हिला कशाला न्यायची?" शुभाकडे वळून म्हणाले, "आणि तू येतेस का?" शुभानं माझ्याकडे नाही, हरणीकडे नाही, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "शाळा आहे." केशवराव जेवून दुपारच्या एस.टी.नं गेले. त्यांना मी चार अनारसे जास्त बांधून दिले.

संध्याकाळी मी धारेला बसले होते. शुभा दारात न थांबता आत आली आणि माझ्या शेजारी उकिडवी बसली. बरं झालं, वासरासारखी ती समोर असली की हरणी शांत राहते, असं मी मनात टिपून ठेवलं.

ती म्हणाली, "हरणीला वाकळीच्या पहिल्या दिवशीच कळलं होतं, आत तू आहेस म्हणून."

"कशावरून?"

"आई धार काढताना बोलायची नाही. गप्प असायची. तू सारखी बोलतेस. हरणीचा एक कान तुझ्याकडे होता. मी बघितलं." मग म्हणाली, "कळलं, तरी सोडलं तिनं."

इतके दिवस दारात उभी राहून ही माझी फजिती बघते असं मला वाटत होतं. माझ्या वहीत गाईच्या कानांवर दीड पान आहे आणि हे त्यात नाही.  धार चुकली, चरवीबाहेर गेली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुझ्या उशीखाली घडी होती. तू नाकाला लावून झोपायचीस. आता नाही तिथं. कुठं गेली?"

"दिली," मी म्हटलं. "ही वाकळ आणायला."

"तुझ्या आईची होती?"

मी मान डोलावली. हरणी रवंथ करत होती.  माझ्या खांद्यावरून घसरलेली वाकळ शुभानं वर ओढली, तिचा एक कोपरा स्वतःच्या नाकाशी धरला, आणि दुसरा उचलून माझ्या हातात दिला.

"अर्धी तू घे," ती म्हणाली.